एअरोस्पेसची शाखा उघडण्याआधी: सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विश्वस्तांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विश्वस्त, संचालक आणि प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

9 जून 2025 रोजी होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं, त्या दिवशी मी साखर पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर उभा होतो. शेजारच्या गच्चीवर विड्या वळत बसलेल्या बायकांनी मांडीवरची सुपं बाजूला ठेवली आणि त्याही वर बघू लागल्या. या एका उड्डाणासाठी शहरानं फार वर्षं वाट पाहिली होती. विमानांच्या वाटेत आलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीच्या वादात मी या पत्रात शिरत नाही, त्यात दोन्ही बाजूंना माझे विद्यार्थी होते. पण त्या दिवसाचा आनंद सगळ्या शहराचा होता आणि माझाही होता.

त्यानंतर माझ्याकडे पालकांची रांग लागली. "सर, पोराला एअरोस्पेसला घालू का? आता आपल्याकडंच कॉलेजात शाखा निघणार म्हणत्यात." आपल्यापैकी काहींनीही मला फोन केला, अभ्यासक्रमाबद्दल विचारलं, कोणी प्राध्यापक सुचवा म्हणालात. मी 31 वर्षं यंत्र अभियांत्रिकी शिकवली, म्हणून आपण विचारलंत, याबद्दल मी आभारी आहे. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे सविस्तर देतो. खुलं पत्र अशासाठी, की हा निर्णय आपल्या बैठकीत होणार असला तरी चार वर्षांची फी भरणारे लोक बैठकीत नसतात. त्यांनीही हे वाचावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सोलापुरात विमानविद्या शिकवली जावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र ती विमानतळ सुरू झाला म्हणून शिकवू नये. आपल्या गावाला जे हातानं येतं, त्यातून ती उगवली पाहिजे. आणि ते आपल्याकडे आहे.

पाच वर्षांपूर्वी माझी भाची दूरच्या एका शहरातून एअरोस्पेस अभियांत्रिकीची पदवी घेऊन आली. संस्थेचं नाव मी घेणार नाही. हुशार मुलगी, बारावीला गणितात उत्तम गुण. तिच्या वडिलांनी दोन यंत्रमाग विकून फी भरली. पदवी हातात घेऊन घरी आली त्या रात्री जेवताना मी सहज विचारलं, तुमच्या विंड टनेलचा टेस्ट सेक्शन केवढा होता गं? (विंड टनेल म्हणजे विमानाच्या प्रतिकृतीवर वारा सोडून मोजमाप करण्याचा बोगदा, आणि टेस्ट सेक्शन म्हणजे त्यातली प्रतिकृती ठेवण्याची जागा.) ती गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, विंड टनेल मी पुस्तकातच बघितला. आमच्याकडे एक खोली होती, दारावर नाव होतं, आत खोकी होती." चार वर्षांत तिनं पंखावरून वाहणारी हवा एकदाही मोजली नव्हती. आज ती एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, चांगलं चाललं आहे, पण विकलेले दोन माग परत आले नाहीत. तिची ती रात्रीची शांतता मी विसरलेलो नाही, आणि हे पत्र लिहायला तीच कारण आहे.

आता थोडा इतिहास. विमानविद्येच्या शाळा जगात कशा उभ्या राहिल्या, हे बघितलं की आपण काय करावं ते बरंचसं स्पष्ट होतं.

पहिली शाळा पॅरिसमधली. 1909 मध्ये कर्नल जाँ-बातीस्त रोश यांनी विमान अभियंते घडवण्यासाठी ती काढली. त्याच वर्षी जुलैत लुई ब्लेरियो या फ्रेंच वैमानिकानं विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली होती. म्हणजे विमानं उडत होती, पॅरिसच्या आसपासच्या कारखान्यांत बनत होती, आणि ती बनवणाऱ्यांना हिशेब समजणारी माणसं हवी होती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्या शाळेत शिकलेले दोन विद्यार्थी बघा. एक मार्सेल ब्लॉक, जे पुढे दासो या नावानं ओळखले गेले. मिराज आणि राफेल त्यांच्याच कंपनीची विमानं. दुसरे मिखाईल गुरेविच. मिकोयान आणि गुरेविच या दोन आडनावांतून 'मिग' हे नाव तयार झालं. आपल्या हवाई दलानं ज्या दोन घराण्यांची विमानं उडवली, त्यांचे मूळपुरुष एकाच शाळेतले. 1968 मध्ये ही शाळा पॅरिस सोडून तुलूझला नेली, कारण तोवर फ्रान्सची विमानं बनवण्याचं मोठं केंद्र तुलूझ झालं होतं. पुढच्याच वर्षी तिथून काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानानं पहिलं उड्डाण केलं. राजधानी सोडून शाळा कारखान्याशेजारी राहायला गेली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. वालचंद हिराचंद दोशी 23 नोव्हेंबर 1882 रोजी आपल्या सोलापुरात जन्मले. त्यांच्या नावाच्या संस्था इथे आहेत, त्यांचं नाव आपण दिवसातून चार वेळा घेतो. पण बेंगळुरूच्या विमान कारखान्याचा पाया या सोलापूरकरानं घातला, हे माझ्या वर्गातल्या दहा मुलांपैकी एखाद्यालाच माहीत असे. 1939 मध्ये प्रवासात त्यांची एका अमेरिकन विमान उद्योजकाशी, विल्यम पॉलीशी, गाठ पडली. त्या ओळखीतून वर्षभरात म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीनं 23 डिसेंबर 1940 रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. युद्ध चालू होतं. 1942 मध्ये सरकारनं कारखाना ताब्यात घेतला. आजचं हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ते हेच.

कारखान्याला विमानातलं गणित जाणणारी माणसं हवी होती. त्याच 1942 च्या डिसेंबरात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. आणि तो उभा करणारे कोण, तर आपल्याच कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी 1936 मध्ये पीएच.डी. केली होती. हवा पंखाला चिकटून वाहताना तिचा अगदी पातळ थर कसा वागतो, हे 1904 मध्ये जगाला समजावून सांगणारे ते प्रांटल. घाटगे यांनी कारखान्याचंही काम केलं. त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखन झालेलं एचटी-2 हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. पुढे 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच काळातलं. हवाई दलातल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या 'किरण'वर शिकल्या. सोलापूरच्या माणसानं कारखाना काढला, कोल्हापूरच्या माणसानं वर्ग घेतला, आणि दोन्हीमध्ये अंतर जेमतेम दोन वर्षांचं. आधी कारखाना, मग वर्ग, हा क्रम ध्यानात घ्यावा.

त्याच विभागात 1951 मध्ये सतीश धवन आले. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले ते धवन. त्यांनी तिथे देशातला पहिला स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगाच्या वाऱ्याचा बोगदा बांधला. त्याचा टेस्ट सेक्शन किती मोठा होता माहीत आहे? एक इंच बाय तीन इंच. काडेपेटीच्या मापाच्या त्या खिडकीतून आपल्या देशानं स्वनातीत हवा पहिल्यांदा पाहिली. 1959 मध्ये तिथेच 14 फूट बाय 9 फुटांचा मोठा, कमी वेगाचा बोगदा उभा राहिला. त्यात विमानांच्या प्रतिकृती तर तपासल्या गेल्याच, उंच इमारतींवर वारा कसा आदळतो हेही तपासलं गेलं.

तिसरी गोष्ट तिरुवनंतपुरमच्या विद्यापीठाची. इस्रोचं म्हणून पालक ज्याच्याबद्दल विचारतात, ते हे: भारतीय अंतरिक्ष विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था. 14 सप्टेंबर 2007 रोजी ती सुरू झाली. अंतराळ विभागाच्या अखत्यारीतलं ते अभिमत विद्यापीठ आहे, आणि त्याचे पहिले कुलपती डॉ. अब्दुल कलाम होते. थुंब्याच्या किनाऱ्यावरून पहिलं रॉकेट उडालं 21 नोव्हेंबर 1963 रोजी, आणि त्याची जुळणी एका चर्चच्या इमारतीत झाली होती. विद्यापीठ आलं 44 वर्षांनी. इतकी वर्षं इस्रोनं यंत्र अभियंते, रसायन अभियंते, भौतिकशास्त्राचे पदवीधर घेतले आणि त्यांना काम करता करता शिकवलं. पुढे हुशार मुलं संगणकाच्या नोकऱ्यांकडे वळू लागली, तेव्हा आपली माणसं आपणच घडवावीत या गरजेतून विद्यापीठ निघालं. पहिली काही वर्षं ते विक्रम साराभाई केंद्राच्याच जागेत भरत असे. 2010 मध्ये वलियमलाला स्वतःच्या आवारात गेलं. तिथे शेजारी काय आहे? रॉकेटच्या द्रव इंधनावरच्या इंजिनांचं इस्रोचं केंद्र.

तिथली मुलं काय करतात तेही सांगतो. 1 एप्रिल 2019 च्या पीएसएलव्ही उड्डाणात रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर त्यांचं एक उपकरण बसवलेलं होतं, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा अभ्यास करणारं. 14 फेब्रुवारी 2022 रोजी इन्स्पायरसॅट-1 हा छोटा उपग्रह गेला, तो अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसोबत आणि आणखी काही देशांतल्या विद्यार्थ्यांसोबत केलेला. तिथे प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या जोरावर मिळतो. ठरलेला गुणांक टिकवणाऱ्यांना इस्रोत जागा असतील त्याप्रमाणे घेतलं जातं. पालकांनो, "इस्रोचं कॉलेज म्हणजे इस्रोची नोकरी पक्की" असं कोणी सांगितलं तर त्यातला 'जागा असतील त्याप्रमाणे' हा भाग विसरू नका. आणि हेही लक्षात घ्या, की वैमानिक होणं, विमानाची देखभाल करण्याचा परवाना मिळवणं आणि विमान अभियंता होणं या तीन निरनिराळ्या वाटा आहेत. पहिल्या दोन्हींसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्यांचं प्रशिक्षण वेगळं. एअरोस्पेसच्या पदवीनं विमान उडवायला मिळत नाही आणि विमानतळावर नोकरीची हमीही मिळत नाही. होटगी रोडला रोज दहा विमानं उतरली तरी त्या पदवीमुळे मुलाला तिथे काम मिळेलच असं नाही.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण आहे, ते लपवणं बरोबर नाही. चेन्नईजवळ क्रोमपेटला 1949 मध्ये सी. राजम नावाच्या उद्योजकानं स्वतःचं घर विकून मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी काढली आणि पहिल्याच दमात विमान अभियांत्रिकी ठेवली. तेव्हा तिथे विमानाचा कारखाना नव्हता. कलाम तिथेच शिकले. त्यांनी लिहून ठेवलं आहे की आवारात मांडलेली दोन निकामी विमानं बघून ते तासन्‌तास बसत, आणि त्यातून त्यांनी शाखा निवडली. म्हणजे कारखान्याशिवायही होऊ शकतं. पण तिथेही मुलांच्या हाताला लागतील अशी दोन खरी विमानं होती, आणि घर विकणारा माणूस होता. कागदी मान्यतेच्या जोरावर ते चाललं नाही.

आता आपल्या गावाकडे येतो.

माझे वडील पद्मशाली विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दिवसभर मागाचा खटखटाट. आमच्या घरी जकार्डच्या दोन मागांवर चादरी निघत. मोर, कमळ, कधी एखाद्या मंडळाचं नाव. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असत, आणि कुठला धागा वर जायचा, कुठला खाली राहायचा हे त्या भोकांवर ठरे. लहानपणी कांड्या भरायचं काम माझ्याकडे असे. ताण्याचा एक धागा तुटला तर वडील डोळे मिटूनसुद्धा ओळखत, आवाज बदलतो म्हणायचे. हे ज्ञान पुढे मला कशात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी यंत्र अभियांत्रिकी केली आणि मागापासून दूर गेलो.

निवृत्तीच्या आधी दोनेक वर्षं मी विमानाच्या नव्या इंजिनांबद्दल मुलांसाठी टिपणं काढत होतो. लीप नावाचं इंजिन आहे. एअर इंडियाच्या ए320 निओ विमानांना तेच आहे. त्याच्या तोंडाशी मोठा पंखा असतो, 18 पात्यांचा. ही पाती धातूची नाहीत. कार्बनचे धागे विणून त्यांचा आकार तयार करतात, मग तो साच्यात घालून त्यात राळ भरतात. आणि हे विणकाम होतं कशावर? जकार्डच्या मागावर. कापड एका पातळीत असतं, हे पातं तिसऱ्या दिशेनंही विणलेलं असतं, थरांना थर धाग्यांनीच जोडलेले, बुडाशी जाड आणि टोकाला पातळ. म्हणजे विणतानाच कुठे धागे सोडायचे आणि कुठे घ्यायचे हे ठरवावं लागतं. ते वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तसाच बसलो. वडील हयात असते तर त्यांना मी हे पहिलं सांगितलं असतं.

ही एकटीच गोष्ट नाही. आपल्या 'तेजस' लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनानं सुमारे 45 टक्के भाग अशा धागा-राळेच्या मिश्र पदार्थांचा आहे. बोइंग 787 मध्ये तो निम्मा आहे. कार्बनचा एक तंतू साधारण सात मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाहून कितीतरी बारीक. असे तीन हजार, सहा हजार, बारा हजार तंतू एकत्र करून एक दोरा होतो. ताकदीला पोलादाला मागे टाकतो, पण मुडपला की तुटतो. मागावर चढवताना ताण जरा जास्त झाला, फणीत जरा घासला, की तंतू तुटून कापडावर लव येते आणि तो तुकडा बाद. पंखाच्या वळणावर कापड सुरकुती न पडता बसायला हवं, म्हणून कुठे साधी वीण, कुठे ट्विल, कुठे साटीन घ्यायची हे ठरवतात. हे प्रश्न कोणाचे आहेत? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या मागवाल्याला विचारा. कार्बन त्यानं पाहिलेला नसेल, पण साटीन वळणावर का बसतं आणि साधी वीण का उभी राहते, हे तो हातानं दाखवील.

राइट बंधूंच्या पहिल्या विमानाचे पंखही मलमलीचे होते, हे आपल्याला ठाऊक असेल. पण त्याआधी, 1901 मध्ये, त्यांनी डेटनच्या सायकल दुकानात सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, तोंड 16 इंच चौरस. एका टोकाला पंखा. आत सायकलच्या तारा आणि करवतीची पाती वापरून बनवलेला तराजू. त्या पेटीत त्यांनी शे-दोनशे प्रकारचे छोटे पंख तपासले, तेव्हा कळलं की तोवरच्या तक्त्यांमधले आकडे चुकीचे आहेत. विमान उडण्याआधी विंड टनेल आला, आणि तो दुकानात जे पडलं होतं त्यातून आला.

म्हणून माझी पहिली विनंती. एअरोस्पेसची साठ जागांची स्वतंत्र शाखा आत्ता काढू नका. आपण सगळ्या महाविद्यालयांनी मिळून एक विंड टनेल बांधा. दोन फूट बाय दोन फुटांच्या टेस्ट सेक्शनचा, कमी वेगाचा. बाहेरून विकत आणायची गरज नाही. हवा आत ओढणारा पंखा, हवेतले भोवरे मोडणारी मधाच्या पोळ्यासारखी जाळी, निमुळता होत जाणारा भाग, मग काचेची खिडकी असलेला टेस्ट सेक्शन आणि पुन्हा रुंदावत जाणारी शेपटी. एवढंच तर असतं. अवघड काम आहे ते मोजमापाचं. पंख किती वर उचलला जातो आणि किती मागे ओढला जातो, हे सांगणारा तराजू अचूक हवा. तो अंतिम वर्षाच्या मुलांनी तीन वर्षं चुकत चुकत केला तरी चालेल. चुकलेला तराजू दुरुस्त करताना मुलगा जे शिकतो ते मी 31 वर्षं फळ्यावर लिहून शिकवू शकलो नाही. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनांचे कॅमशाफ्ट बनवणारे कारागीर मायक्रॉनमध्ये बोलतात. त्यांना मुलांच्या शेजारी उभं करा. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत उद्योगातल्या अनुभवी माणसांना प्राध्यापक म्हणून बोलावण्याची सोय आहे. ती वापरा.

दुसरी विनंती विणकामाची, आणि माझा जीव तिच्यात जास्त आहे. यंत्र आणि वस्त्र या दोन शाखांमध्ये मिळून मिश्र पदार्थांची एक प्रयोगशाळा काढा, आणि तिच्यात माग ठेवा. काचेच्या धाग्यापासून सुरुवात करा, तो स्वस्त आहे. पहिल्या वर्षी सपाट तुकडा विणा, राळ भरा, वाकवून मोडा, कुठे मोडला ते बघा. दुसऱ्या वर्षी वळणाचा तुकडा. मग कधीतरी कार्बन. ज्या मुलांना यात गोडी लागेल त्यांना मायनर पदवी, म्हणजे मूळ शाखेला जोडून दुसऱ्या विषयाची छोटी पदवी, द्या, तशी सोय नियमांत आहे. मूळ पदवी यंत्राचीच राहू द्या, म्हणजे विमानाच्या कारखान्यात जागा नसली तरी पोरगा अडणार नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी एक किलोच्या आसपास वजनाचा 'स्वयम्' उपग्रह केला, तो 22 जून 2016 रोजी पीएसएलव्हीनं वर नेला. त्या महाविद्यालयात एअरोस्पेस नावाची पदवी शाखा नव्हती.

वालचंदनगर आपल्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. त्याच सोलापूरकराच्या नावाचं गाव. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग, म्हणजे घन इंधन ज्यात भरतात ती पोलादी नळकांडी, कित्येक वर्षांपासून बनतात. चांद्रयान-3 वर नेणाऱ्या रॉकेटमध्येही तिथलं काम होतं. आपली मुलं सहलीला महाबळेश्वरला जातात. एक बस इकडे न्या. जोडणी किती काटेकोर लागते, एका वेल्डची तपासणी किती वेळा होते, हे त्यांनी बघू द्या.

आणि आकाशाबद्दल एक. आपल्याकडे पाऊस कमी, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आपण. म्हणून तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात ढगांत मिठाचे कण पेरून पाऊस वाढवण्याचा मोठा प्रयोग केला. उपकरणं लावलेली विमानं ढगांत शिरून थेंबांची मापं घेत होती. अनुकूल ढग असतील तर सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या भागात 18 टक्क्यांच्या आसपास पाऊस वाढला, असा निष्कर्ष निघाला. देशभरचे शास्त्रज्ञ आपल्या डोक्यावर येऊन काम करून गेले, आणि आपल्या किती विद्यार्थ्यांनी ते जवळून पाहिलं? अवर्षणाच्या जिल्ह्यात विमानविद्येची भूमिका काय, हे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. ढगाचा, वाऱ्याचा, शेतावरच्या ड्रोनचा अभ्यास हा आपला अभ्यास आहे. विंड टनेलमध्ये पवनचक्कीचं पातंही तपासता येतं आणि द्राक्षबागेवर फवारणी करणाऱ्या ड्रोनचा पंखाही.

यातून दहा वर्षांनी स्वतंत्र शाखा निघाली तर मी आनंदानं पहिल्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसेन. तेव्हा मुलाला विचारलं, की टेस्ट सेक्शन केवढा, तर तो माप सांगेल आणि त्यातल्या त्रुटीही सांगेल.

आपल्यावर प्रवेशांचा ताण आहे, जागा रिकाम्या राहतात, नव्या नावाच्या शाखेला गर्दी होते, हे मला कळतं. मी विभागप्रमुख असताना हे सगळं सोसलं आहे. तरीही दोन माग विकून फी भरणाऱ्या बापासमोर मी बसलेलो आहे, आणि आपणही पुढे बसाल. त्यासाठी हे मागणं.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर वडिलांचा एक जकार्ड माग अजून उभा आहे. 2009 पासून बंद आहे. लाकूड शाबूत आहे, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची चळत कापडात बांधून ठेवलेली आहे, दोन धोटे आहेत. फणी बदलावी लागेल. आपल्यापैकी जी संस्था मिश्र पदार्थांची प्रयोगशाळा प्रथम काढील तिला तो मी विनामूल्य देईन, बसवायला स्वतः येईन, आणि काचेचा धागा ताण्यावर कसा चढवायचा ते मुलांबरोबर बसून शोधीन. शेजारचे एक ऐंशीच्या पुढचे विणकर आहेत, त्यांनीही यायचं कबूल केलं आहे. त्यांची अट एवढीच, की दुपारी दोन ते चार त्यांना झोपू द्यावं.

माग बघायला सकाळी दहानंतर कधीही या. चावी माझ्याकडे असते.

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक
साखर पेठ, सोलापूर